टर्र कुठून आली त्याचा खुलासा

अंबड,
९ जून

आदरणीय तातेराव दाजी यांच्या सेवेशी,

धाकट्या मेव्हण्याचा, राजानंदचा, वाकून जयभीम. घरी सत्यशीलाताईलाही अक्षताचा आणि माझा जयभीम सांगावा. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. आईला ऐकायला थोडं कमी येतं, पण जे तिनं ऐकू नये असं आपल्याला वाटतं ते बराबर ऐकू येतं, म्हणजे काळजीचं कारण नाही. तुमच्या गुडघ्यांना नव्या तेलानं फरक पडला का ते कळवा, आणि मुख्य म्हणजे घशाचं कळवा. आमच्या दीपमालाच्या लग्नात तुम्ही ज्या जिद्दीनं भाषण केलंत, त्यानंतर पाच दिवस तुमचा आवाज बसला होता म्हणे. ज्येष्ठमधाचा तुकडा तोंडात ठेवत जा आणि थोडे दिवस कुणाला काही समजावून सांगू नका.

आता तुम्ही म्हणाल, घरोघरी मोबाईल असताना या मास्तरला पत्र लिहायची काय हौस आली. दाजी, राग मानू नका, पण फोनवर तुमच्याशी बोलताना 'हो', 'बराबर' आणि 'तसंच करू' एवढ्या तीन शब्दांच्या पुढं मला कधी जाता आलं नाही. जे सांगायचं आहे ते लांबलचक आहे, आणि मधे एकदा थांबलो तर परत सुरू करायची हिंमत होणार नाही. म्हणून शाळेच्या जुन्या हजेरीपटाचे कोरे कागद काढून बसलो आहे. (सुट्टी चालू आहे, तेव्हा सरकारी वेळ वाया जात नाही. कागदाचं मात्र सांगता येत नाही.)

तर गोष्ट गाडीची आहे. तीन वर्षांपूर्वी तुम्ही तुमची पांढरी मारुती आम्हाला दिलीत, तेव्हा एकच अट घातली होती: पाणी, हवा, पेट्रोल सोडून तिला नवीन काही लावायचं नाही. ती अट मी तीन वर्षं पाळली. मोडली ती या मार्चात, आणि मोडायला कारण झालं. शाळेतून येताना जालना रोडवर चढ लागला की गाडीला खोकला यायचा. एक दिवस सरकी भरलेला ट्रॅक्टर मला मागे टाकून गेला. वर बसलेला माणूस माझ्या वर्गातल्या एका मुलीचा बाप निघाला. त्यानं वरून हात केला आणि "गुरुजी, दोरी टाकू का?" असं अगदी काळजीनं विचारलं. चेष्टा असती तर मी सहन केली असती. त्याची काळजी खरी होती, ती मला झोंबली.

त्याच रात्री मोबाईलवर खोकल्याचं औषध शोधताना मला वायरी सापडल्या. पेट्रोल इंजिनात प्लग असतात, त्यांची ठिणगी पडून पेट्रोल पेटतं, आणि त्या प्लगपर्यंत वीज नेणाऱ्या जाड वायरी असतात. (तुम्ही बत्तीस वर्षं एसटीच्या कारखान्यात काढलीत, पण एसटी डिझेलवर चालते आणि डिझेलला प्लग नसतोच, म्हणून लिहिलं. शिकवायचा हेतू नाही.) आपल्या गाडीच्या वायरी काळ्या, बारीक, मेलेल्या सापासारख्या दिसायच्या. मोबाईलवरच्या वायरी लालभडक, करंगळीएवढ्या जाड. शर्यतीच्या गाड्यांना ह्याच लावतात, आत नुसतं तांबं, वीज कुठं अडत नाही, ठिणगी अशी पडते की इंजिनाची ताकद वाढलीच पाहिजे, असं खाली लिहिलेलं होतं. एक दाढीवाला मनुष्य व्हिडिओत त्या वायरी लावून गाडी सुरू करायचा आणि डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकायचा. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. अक्षतानं एकदाच पाहिला आणि विचारलं, "ह्यो माणूस वायरी विकून राह्यला का स्वतःची जमीन?" तोपर्यंत मी बटण दाबून बसलो होतो.

आठव्या दिवशी खोकं आलं. आत पाच वायरी निघाल्या. आपल्या इंजिनाला लागतात चार, तीन प्लगांच्या आणि एक मधली. पाचवी कशाची ते अजून कळलं नाही. अक्षतानं ती न्हाणीबाहेर दोन खिळ्यांना बांधली. तिच्यावर माझे दोन बनियन आरामात वाळतात. उरलेल्या चार मी एका रविवारी स्वतः बसवल्या. मिस्त्रीकडे गेलो नाही, कारण काळ्या काढायच्या आणि लाल घालायच्या, यात अक्कल काय लागते असं मला वाटलं. काळ्या मी चारही एकदम उपटल्या. हे कळायला फार उशीर झाला की कुठली वायर कुठं होती हे बघून ठेवायचं असतं. किल्ली फिरवली तर गाडीनं असा आवाज काढला की शेजारच्या गिरिजाबाई हातातलं सूप टाकून घरात पळाल्या आणि आतून कडी लावून घेतली. दुसऱ्या वेळी धूर निघाला. तिसऱ्या वेळी अक्षतानं किल्ली काढून घेतली आणि ती ब्लाउजमध्ये खोचून स्वयंपाकाला निघून गेली.

मंग नाक्यावरचा हरिओम मिस्त्री आला. त्यानं दोन वायरींची अदलाबदल केली आणि गाडी शहाण्यासारखी चालू लागली. त्याला अडीच मिनिटं लागली, त्यातली दोन तो हसत होता. जाताना त्यानं वायरीला बोट लावून एक गोष्ट सांगितली: "सर, ह्या नुसत्या तांब्याच्या हायेत. कंपनीच्या वायरीत आवाज दाबायची सोय असते, हिच्यात न्हाई. ह्या रेडिओत बोलत्यात." मी म्हटलं, आपल्या गाडीत रेडिओच नाही, तर बोलणार कुठं? तो विषय तिथं संपला. दाजी, जाणत्या माणसाचं अर्धं ऐकून सोडून द्यायची माझी सवय जुनी आहे, तुम्ही ती अनेकदा दाखवून दिली आहे. पण एक कबूल करा, गाडी सुधारली. चढावर तिनं खोकला सोडला. मी मुद्दाम तो ट्रॅक्टर शोधून दोनदा मागे टाकला.

आता लग्नाकडे येतो. तुम्हाला माहीतच आहे की दीपमालाची नर्सची ऑर्डर नेमकी लग्नाच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी हातात पडली. सात वर्षं त्या पोरीनं वाट पाहिली. आधी शिक्षण, मग परीक्षा, मग निकाल अडकला, मग यादी अडकली. आणि ऑर्डरवर हजर व्हायची शेवटची तारीख कुठली, तर सोमवार, लग्नाचाच दिवस. शनिवार, रविवार जालन्याचं ऑफिस बंद. फोन करून विनवण्या केल्या तर तिकडच्या बाईंनी सांगितलं, साहेब सकाळी मीटिंगला बाहेर आहेत, दुपारी तीननंतर भेटतील, साडेपाचला रजिस्टर बंद होईल, पुढं आमच्या हातात काही नाही. त्या संध्याकाळी आमच्या घरात चूल पेटली नाही. दीपमाला एवढंच म्हणाली, "पप्पा, लग्न पुढं ढकला, नोकरी न्हाई ढकलता यायची." शेवटी बदनापूरहून नवरा मुलगाच, प्रितम, मोटरसायकलवर आला आणि म्हणाला, लग्न पत्रिकेत छापल्याप्रमाणं पावणेबाराला लावू, जेवू, आणि मी स्वतः तिला घेऊन हजर करतो. जावई पसंत होताच, त्या दिवशी मला तो जरा जास्तच आवडला. गाडीचा विषय निघाला तेव्हा सगळे म्हणाले भाड्याची जीप सांगा. मी म्हटलं, जीप कशाला, लाल वायरी आहेत. (अक्षता माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.)

म्हणजे हिशेब साधा होता. दोनला अंबड सोडलं तर तीनपर्यंत जालना. पण दाजी, आपल्याकडे पत्रिकेत पावणेबारा छापलेलं लग्न पावणेबाराला कधी लागलं आहे? नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत घाम पुसत उभी राहतात, आणि पाहुणे शुभेच्छा देतात. चौदा वक्त्यांची यादी होती. मी बनवली नव्हती, ती आपोआप बनते. एकाचं नाव घातलं की त्याच्या भावकीतल्या दुसऱ्याचं घालावं लागतं. पहिले काकासाहेब. त्यांचं घराणं आपल्या शिवारातलं जुनं, पंचायतीत वजन, आणि त्यांनी मंडपाला जागा दिलेली. शेवटचे तुम्ही, घरातले वडीलधारे आणि तालुक्याच्या विहार समितीचे अध्यक्ष. मधले बारा कोण होते ते त्यांनाच माहीत. मी मनात बेरीज केली. माणशी पंधरा मिनिटं धरली तरी लग्न लागायला सव्वातीन वाजत होते. हात जोडून प्रत्येकाला सांगितलं, पोरीच्या नोकरीचा सवाल आहे, थोडक्यात बोला. प्रत्येकजण म्हणाला, मी तर दोनच शब्द बोलणार आहे, बाकीच्यांना सांगा.

मे महिन्यातलं ऊन तुम्ही पाहिलंत. आईला घेरी आल्यासारखं होऊ लागलं म्हणून तिला गाडीत बसवून एसी लावून दिला. एसीला इंजिन चालू ठेवावं लागतं. सावली एकाच ठिकाणी होती, स्टेजच्या मागच्या चिंचेखाली, म्हणून गाडी तिथं. आणि कडूबा स्पीकरवाल्यानं आपलं मशीनही सावली बघून तिथंच मांडलं होतं, त्याच्या माईकची वायर बॉनेटच्या पुढून गेलेली. ह्यात कुणाचा काही डाव नव्हता. हे मी शपथेवर सांगतो, कारण पुढच्या गोष्टीबद्दल तसं सांगता येणार नाही.

काकासाहेब उभे राहिले, "उपस्थित बंधू आणि भगिनींनो" म्हणाले, आणि स्पीकर म्हणाला टर्रर्र. त्यांनी माईकवर टिचकी मारली. टर्रर्र. ते थांबले तरी टर्रर्र चालूच, जणू स्पीकरलाही दोन शब्द बोलायचे होते. कडूबा धावला, माईक बदलला, पिना काढून पुसल्या, मशीनला कानशिलात द्यावी तशी एक दिली. काही उपयोग नाही. काकासाहेबांनी तीन मिनिटांत आशीर्वाद उरकले आणि कपाळाला आठ्या घालून खाली बसले. एवढ्यात आईला थंडी वाजली, म्हणून अक्षतानं जाऊन गाडी बंद केली. स्पीकर एकदम काचेसारखा स्वच्छ. काकासाहेबांनी लगेच मान वर केली आणि माईक परत मागितला. मी स्टेजवरून अक्षताकडे पाहिलं. ती गाडीच्या दारात किल्ली धरून उभी होती. ती एकदा किल्लीकडे बघत होती, एकदा भोंग्याकडे. मला हरिओमचं बोलणं आठवलं. अक्षतानं मात्र आईला शाल दिली आणि शांतपणे गाडी परत सुरू केली.

पुढचं तुम्हाला समोर बसून जेवढं दिसलं तेवढंच दिसलं. आम्ही काय करत होतो ते आता सांगतो. वक्ता उभा राहिला की गाडी बंद, म्हणजे त्याचं नाव, मानपान सगळं नीट ऐकू येई. "सुरुवातीलाच मी" असं तो म्हणाला की गाडी चालू. एक्सलेटर दाबला की टर्र बारीक आणि तिखट होई, सोडला की जाड. एक सेवानिवृत्त केंद्रप्रमुख बहात्तरच्या दुष्काळापासून सुरुवात करणार होते, ते सरकारी वाटपाच्या सुकडी आणि मिलो ज्वारीपर्यंत पोचायच्या आत खाली बसले. एकानं माईक नाकारून नुसत्या तोंडानं बोलायला सुरुवात केली, पण पहिल्या रांगेपलीकडे ऐकू जाईना, आणि पहिल्या रांगेत त्याची स्वतःचीच माणसं होती, त्यांनी हे आधी ऐकलेलं होतं. एकजण तर म्हणाला, यंत्रच बिघडलं आहे तेव्हा माझ्या शुभेच्छा गृहीत धराव्या. मंडपानं टाळ्या वाजवल्या. मला वाटतं, त्या माणसाला आयुष्यात इतक्या टाळ्या कधी पडल्या नसतील. तेरा वक्ते मिळून सव्वीस मिनिटं झाली, दाजी. मी घड्याळ लावून मोजत होतो.

मग तुमचा नंबर आला.

इथं मी तुम्हाला खरं सांगतो, आमची छाती झाली नाही. तुम्ही खिशातून कागद काढलेत, मी मोजले, अकरा होते, पाठपोट लिहिलेले. तरी मी अक्षताला मानेनं खुणावलं, नाही म्हणून. ती पण म्हणाली, "दाजी हायेत, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई," आणि किल्ली गाडीतच ठेवून नवरीच्या मागं जाऊन उभी राहिली. तुम्ही बोलायला लागलात. पहिलं पान स्वच्छ ऐकू आलं. तुमच्या वडिलांनी दगड फोडून तुम्हाला कसं शिकवलं ते तुम्ही सांगितलंत, आणि मागच्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. ते पान चांगलं होतं, दाजी. ते एकच वाचून तुम्ही थांबला असतात तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण तुम्ही थुंकी लावून पान उलटलंत आणि म्हणालात, "आता मी विषयाकडे वळतो."

तेव्हा गाडी सुरू झाली. कशी झाली ते मी या पत्रात लिहीत नाही. गाडीत आई बसलेली होती एवढंच मला माहीत.

दाजी, तुमच्याइतकं कुणी झुंजलं नाही. तुम्ही आवाज वाढवलात, तर टर्र वाढली. तुम्ही थांबून दम धरलात, तर तीही खाली आली, आणि तुम्ही तोंड उघडताच परत वर गेली. तिसऱ्या पानावर तर तुम्ही आणि स्पीकर यांचं भांडण चालल्यासारखं वाटत होतं आणि प्रितमचे मामा तुमच्या बाजूनं होते. साडेनऊ मिनिटं तुम्ही लढलात. शेवटी कागद गुंडाळले आणि भर मंडपात कडूबाला म्हणालात, "असलं भंगार घेऊन लोकांच्या लग्नात येतो काय? आपल्या कुठल्याच कार्यक्रमाला आता तुझा भोंगा लागणार न्हाई." कडूबा मान खाली घालून उभा होता. पुढच्या मिनिटाला बौद्धाचार्यांनी त्रिसरण सुरू केलं, तेव्हा गाडी बंद होती आणि शब्द न् शब्द गावाच्या वेशीपर्यंत ऐकू गेला. सगळे म्हणाले बघा, कसं पवित्र वातावरण झालं. मी मान हलवली.

बारा चाळीसला लग्न लागलं. दोनला गाडी निघाली. प्रितम चालवत होता, शेजारी मी, मागं दीपमाला हारासकट, मांडीवर कागदांची फाईल. गोलापांगरीच्या पुढं रेल्वे फाटकासारखी रांग लागली होती, एक उसाचा ट्रक आडवा पडलेला. सव्वा तास तिथं गेला. दीपमाला फाईलच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. रस्ता मोकळा झाल्यावर प्रितमनं गाडी अशी काढली की मला तो दाढीवाला माणूस आठवला. चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही ऑफिसच्या पायऱ्या चढलो. खिडकीतल्या बाईंनी नवरीला नखशिखान्त पाहिलं आणि विचारलं, लग्न झालं असेल तर नाव बदललं असेल, मग ऑर्डरवर जुनं कसं? दीपमाला म्हणाली, "मॅडम, नाव बदलायला मला अजून वेळच न्हाई मिळाला. आणि मी बदलणार पण न्हाई." प्रितम म्हणाला, "न्हाई बदलणार." बाई हसल्या आणि रजिस्टर फिरवलं. तिनं सही केली तेव्हा मेंदीचा डाग त्या कागदाला लागला. तिथला साहेब म्हणाला, राहू द्या. मी बाहेर येऊन जिन्यावर बसलो आणि थोडा वेळ तसाच बसून राहिलो. माझ्या आईनं ज्या दवाखान्यात झाडू मारला होता, तिथंच पोरीची पहिली नेमणूक आहे. हे तुमच्या अकरा कागदांत होतं म्हणे, आठव्या पानावर. ते मात्र लोकांनी ऐकायला हवं होतं, याची मला खंत आहे.

खंत अजून एक आहे. लग्नानंतर चौथ्या दिवशी मी कडूबाकडे गेलो. त्यानं मशीनचे सगळे भाग चादरीवर मांडले होते, भांड्याकुंड्यांसारखे. जालन्याला जाऊन दोन दुकानांत दाखवून आला होता, दोघांनी सांगितलं काही बिघाड नाही. त्याचा त्याला जास्त त्रास होत होता. म्हणाला, "गुरुजी, बिघाड सापडला असता तर बरं वाटलं असतं. आता मलाच काही येत न्हाई असं झालं ना." तुमच्या शब्दावर तीन जणांनी त्याच्या तारखा काढून घेतल्या होत्या, दाजी. बायको दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाते आहे. मी चहाची बशी खाली ठेवली. मग मी सांगून टाकलं, सगळं, वायरींपासून. मला वाटलं आता चादरीवरचं काहीतरी उचलून घालतो डोक्यात. तो म्हणाला, "गाडी आणा." गाडी आणली. त्यानं मशीन जोडलं, मी किल्ली फिरवली, टर्रर्र. बंद, स्वच्छ. परत सुरू, टर्रर्र. कडूबा जमिनीवर बसला आणि इतका हसला की त्याची म्हातारी बाहेर येऊन बघून गेली. पण हसू ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाला, हे मला कळून काय उपयोग, तातेरावसाहेबांना कळलं पाहिजे, आणि तेही कागदावर.

तेव्हा हा कागद. अपराध माझा आहे, गाडी तुमची आहे, आणि लग्न आपल्या सगळ्यांच्या लेकीचं होतं. मोठ्या मनानं पोटात घालावं. पावसाआधी एकदा अंबडला येऊन जा, आई तुमची वाट बघते.

तुमचा अपराधी मेव्हणा,
राजानंद

ता. क. १: एवढं लिहूनही मुख्य गोष्ट राहिलीच. आषाढी पौर्णिमेच्या विहारातल्या कार्यक्रमाला स्पीकर कडूबाचाच लावावा, आणि अध्यक्ष म्हणून तुम्ही त्याच भोंग्यावरून जाहीर सांगावं की लग्नात त्याचा काही दोष नव्हता. दोष कुणाचा ते सांगायची गरज नाही. सांगितलंच तर तुमच्याच गाडीनं तुमचं भाषण बुडवलं असं सांगावं लागेल, आणि ते लोक हसण्यावारी नेतील. मी तर म्हणतो आठवं पान तिथं वाचा. मी गाडी अर्धा मैल लांब लावीन.

ता. क. २: काकासाहेबांना कुठून तरी पत्ता लागला. परवा आले, अक्षताच्या हातचा चहा घेतला, तोंडभरून कौतुक केलं. मी माफीची तयारी करून बसलो होतो. त्यांनी विचारलं, पुढच्या रविवारी त्यांच्या विरोधी पार्टीची बदनापूरला सभा आहे, तेवढ्यापुरती गाडी मिळेल का. मी म्हटलं, मालक दाजी आहेत, त्यांना विचारतो. तर विचारलं.

ता. क. ३: हरिओम म्हणतो चढावरचा खोकला लाल वायरींनी गेला नाही. जुन्या वायरीची एक टोपी सैल होती, ती दाबली असती तरी भागलं असतं. हे अक्षताला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

ता. क. ४: पाकीट बंद केलं होतं, परत उघडलं. तुम्ही पत्र वाचून आईला दोष द्याल अशी भीती वाटली, आणि ऐंशी वर्षांच्या माणसावर आळ येऊ देणं बरं नाही. आई मागच्या सीटवर झोपली होती. पुढं येऊन बसली ती सत्यशीलाताई. तुम्ही "विषयाकडे वळतो" म्हणालात तेव्हा तीच मंडपातून उठून गेली आणि तिनंच किल्ली फिरवली. साडेनऊ मिनिटं एक्सलेटरवर पाय तिचा होता. मी धावत जाऊन म्हटलं, ताई, काय करून राह्यलीस, दाजी बोलून राह्यलेत. तिनं पाय काढला नाही. ती म्हणाली, "चौतीस वर्षं झाली संसाराला. हे बटण मला आज सापडलं."